तिकीट नंबर तीनशे बाराचं आजारपण

होटगी रस्त्यावरच्या एका सूतगिरणीत निंगप्पा हलसगी इंजिन ड्रायव्हर होता. ड्रायव्हर म्हटलं की लोकांना चाकं आठवतात, म्हणून तो नव्या माणसाला आधीच सांगून टाकायचा, "आमचं इंजिन कुटं जात न्हाय. जाग्यावरच पळतंय."

साल त्र्याहत्तर. दुष्काळाचा उन्हाळा. आठवड्यातले चार दिवस गिरणीला वीज मिळत नव्हती. गिरणीचे मॅनेजर सिद्धलिंगप्पा कोनापुरे मुंबईला गेले आणि भंगारात निघालेल्या एका बोटीचं डिझेल इंजिन घेऊन आले. अकरा टनांचं धूड. ते आत घ्यायला गेटशेजारची भिंत पाडावी लागली. निंगप्पानं जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता, पण पंधरा दिवसांत त्यानं त्या इंजिनाचा स्वभाव ओळखला. सकाळी कुरकुरायचं, ऊन तापलं की खुशीत चालायचं, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर कधी दगा द्यायचं नाही.

अडचण निघाली ती कागदावर. त्या वर्षी नवीन यंत्र घ्यायची मंजुरी संचालक मंडळानं आधीच संपवली होती. माणसं घ्यायची मंजुरी मात्र शिल्लक होती, तीही फक्त बदली कामगारांची. मॅनेजर दोन दिवस डोकं धरून बसले. शेवटी वाट काढली ती हजेरी कारकून जोतीरामनं. जोतीराम मोडनिंबचा. रजिस्टरातला एकही रकाना त्यानं आयुष्यात कोरा सोडला नव्हता.

"साहेब, हे विजेच्या बदली आलंय न्हवं? मग बदलीच की," तो म्हणाला, आणि त्यानं नोंद केली. तिकीट नंबर तीनशे बारा. नाव, इंजिन. आडनाव, डिझेल. वय बावीस. राहणार मुंबई. वडिलांच्या नावाच्या रकान्यात त्यानं इंजिनावरच्या पितळी पट्टीवरचं परदेशी नाव जमेल तसं उतरवून घेतलं.

यात कुणाला हसू आलं नाही. इंजिन चाललं तर सूत कातणारी चाती चालणार होती आणि चाती चालली तर तीनशे अकरा माणसांच्या चुली पेटणार होत्या. निंगप्पा रोज सकाळी गेटवर आपलं हजेरीचं तिकीट टाकायचा आणि पाठोपाठ इंजिनाचं. जोतीराम दोघांची हजेरी लावायचा.

मे महिन्यात एका संध्याकाळी निंगप्पा घरी आला तेव्हा नागव्वा भाकऱ्या थापत होती. घरात त्यांचं कानडीच चाले. नवऱ्याला ती 'री' म्हणायची, आपल्याकडच्या 'अहो'सारखं.

"री, ताक कुठं सांडून घेतलंत?"

"ताक कुठलं? तेल आहे ते. इंजिनाचं."

नागव्वानं त्याचा सदरा हातात घेतला, नाकाला लावला आणि लांब धरला. "चार दिवसांचं ताक आहे," ती म्हणाली. "आणि त्यात अंडं फुटलंय."

अंड्याचं नाव त्या शाकाहारी घरात तिनं पहिल्यांदाच काढलं होतं. हा वास निंगप्पालाही चार दिवस येत होता. आपल्याच नाकात काही बिघाड असेल असं समजून तो गप्प होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं इंजिनाच्या पोटातून बाटलीभर तेल काढलं. चांगलं वापरातलं तेल काळं असतं पण त्याला चकाकी असते. हे पिवळट तपकिरी होतं, दुधाचा चहा गार व्हावा तसं. गाळणीच्या कापडावर बोटभर बुळबुळीत साय चढली होती. ती त्यानं बोटानं उचलली तर तिची तार निघाली.

बाटली घेऊन तो मॅनेजरांकडे गेला.

"साहेब, तेल नासलंय."

मॅनेजरांनी चष्मा वर केला. "तेल नासतं?"

"व्हय. वास घ्या की."

"निंगप्पा, हे खनिज तेल आहे. जमिनीच्या पोटात लाखो वर्षं पडून राहतं. तिथं नासत नाही ते आपल्या गिरणीत येऊन दोन महिन्यांत कसं नासेल?"

"तितलं मला म्हाईत न्हाय, साहेब. हितं नासलंय."

मॅनेजरांनी बाटलीचं बूच काढलं, लगेच लावलं आणि खिडकी उघडली. वाद मिटला. तेलाचं नवं पिंप मिळालं. निंगप्पानं जुनं तेल काढून टाकलं, नवं भरलं, इंजिन चालू केलं. नऊ दिवस सगळं ठीक चाललं. दहाव्या दिवशी नागव्वानं त्याचा सदरा न विचारताच अंगणात नेऊन टाकला.

"नवं तेल घातलं होतं," निंगप्पा म्हणाला. त्याचा आवाज पडला होता.

"गाडगं घासलं होतं का?"

"कुठलं गाडगं?"

"ज्यात ओतलंत ते. कालचं ताक गाडग्याला चिकटलेलं असेल तर आजचं दूधही फुटणार. विरजणच ते. त्याला उकळतं पाणी दाखवावं लागतं, री."

निंगप्पा जेवता जेवता थांबला. अकरा टनांच्या गाडग्याला उकळतं पाणी कसं दाखवायचं याचा विचार करत तो अर्धी भाकरी टाकून उठला. तशी त्याची भूक अलीकडे कमीच झाली होती. गिरणीतल्या निम्म्या लोकांसारखं त्याचंही पोट कायम दुखायचं. गिरणीच्या दवाखान्यात त्यावर लाल औषध मिळायचं. खोकल्यावरही तेच मिळायचं.

पुढच्या रविवारी, इंजिन बंद असताना, त्यानं पोटाचं झाकण खोललं आणि हात घालून तळ चाचपला. तळाला पाणी होतं. पाण्यावर तेल, मध्ये ती साय. आणि गाळणीच्या जाळीत अडकलेल्या सात मोहऱ्या आणि कढीपत्त्याचं एक पान.

त्यानं ती जाळी मांडीवर घेऊन एकेक मोहरी निवडून काढली. वीस वर्षांच्या नोकरीत त्यानं इंजिनाच्या पोटात तुटलेल्या कड्या पाहिल्या होत्या, एकदा पाना सापडला होता. फोडणी कधी सापडली नव्हती.

मग तो उठला आणि इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या हौदाकडे गेला. हौदात एक नवा चर येऊन पडत होता. चराच्या कडेकडेनं तो चालत गेला आणि कॅन्टीनच्या मोरीपाशी पोचला. मोरीवरच्या भिंतीला मॅनेजरांच्या सहीची सूचना चिकटवलेली होती. पाण्याचा एकही थेंब वाया जाता कामा नये, भांडी घासलेलं पाणी इंजिनाच्या हौदात सोडावं. तारीख दोन महिन्यांपूर्वीची होती. म्हणजे तीनशे अकरा ताटांचं आमटीचं, ताकाचं, भाताचं धुवण रोज इंजिनाभोवती फिरत होतं. आतल्या पाण्याची वाट तेलापासून वेगळी ठेवणारं रबरी कडं फाटलं होतं, आणि तिथून ते इंजिनाच्या पोटात झिरपत होतं. वर उबारा. तिथं काहीही विरजलं असतं.

सोमवारी त्यानं मॅनेजरांच्या टेबलावर कागदात बांधलेल्या मोहऱ्या ठेवल्या. सूचनेबद्दल तो बोलला नाही. मोहऱ्या बघून मॅनेजरांना ती आपोआप आठवेल असं त्याला वाटलं, आणि तसंच झालं. मॅनेजरांनी कढीपत्त्याचं पान चिमटीत उचललं.

"किती दिवस बंद ठेवावं लागेल?"

"आठ. कडं बदलायचं, तेल शिजवायचं, पोट आतनं पुसून घ्यायचं. न्हाय केलं तर बेरिंग खाऊन टाकतंय हे. खड्डे पडायलेत आत्ताच."

"आठ दिवस," मॅनेजर म्हणाले. "बदली कामगार आठ दिवस न सांगता गैरहजर राहिला की नाव कटतं. नाव कटलं की परत घेता येत नाही, भरती बंद आहे. मग हे इंजिन मी कागदावर कुठं ठेवू?"

जोतीराम दाराशी उभा होता. "आजारी रजा हाय की, साहेब," तो म्हणाला. "डॉक्टरचा दाखला तेवढा लागंल."

गिरणीचे डॉक्टर रामहरी वेळापूरकर मंगळवारी आणि शुक्रवारी दोन तास यायचे. आपल्या गावातला मुलगा डॉक्टर झाला म्हणून गावानं एके काळी त्यांची मिरवणूक काढली होती. त्यानंतर सहा वर्षं ते या खोलीत लाल औषध ओतत होते, कारण गिरणीच्या यादीत दुसरं औषध नव्हतं. निंगप्पानं त्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते संतापले नाहीत, हसलेही नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "रोग्याला काय होतंय?"

"वास येतोय. अंगावर चिकटा धरलाय. दम लागतोय, साहेब. गाळणी तुंबली की तेल चढत न्हाय, मग आवाज बदलतोय."

डॉक्टरांनी तेलाची बाटली हुंगली. मग कपाटाच्या वरच्या फळीवरून एक लाकडी पेटी काढली. तिच्यावर धुळीचा थर होता. आत सूक्ष्मदर्शक होता, शिकत असताना घेतलेला. त्यांनी काचेवर थेंब घेतला आणि खिडकीजवळ नेऊन डोळा लावला. निंगप्पा बाकावर बसून राहिला. बाहेर रोग्यांची रांग वाढत होती. बऱ्याच वेळानं डॉक्टर म्हणाले, "निंगप्पा, इकडे या. बघा."

निंगप्पानं डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग त्या उजेडात बारीक काड्या वळवळताना दिसल्या. हजारो. आषाढी बाजारासारखी गर्दी.

"हे माज्या इंजिनात हायेत?"

"जिवंत आहेत. खाऊन पिऊन आहेत," डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी नवा केसपेपर घेतला आणि स्वतःच्या हातानं लिहायला सुरुवात केली. रोग्याचं नाव, वय, तिकीट नंबर. वजनाच्या रकान्याशी ते थांबले.

"अकरा टन," निंगप्पानं सांगितलं.

औषधाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून डॉक्टरांनी मागच्या कोऱ्या बाजूवर गुणाकार केला. सतरा हजार गोळ्या निघाल्या, रोज तीन वेळा विभागून, जेवणानंतर. त्यांनी तो पुन्हा एकदा करून बघितला.

"साहेब, गोळ्या ऱ्हाऊ द्या," निंगप्पा हळू आवाजात म्हणाला. "मी त्याला शेक देतो."

डॉक्टरांनी 'शेक' असं लिहिलं. निदानाच्या रकान्यात लिहिलं, 'कॅन्टीनचे अन्न पोटात गेल्याने विषबाधा.' खाली सही केली, शिक्का मारला आणि आठ दिवसांची रजा लिहून दिली.

दाखला जोतीरामकडे गेला आणि जोतीरामनं तो नियमाप्रमाणे फळ्यावर लावला. अर्ध्या तासात युनियनचा चिटणीस कुंडलिक ढेकळे तो वाचून मॅनेजरांच्या खोलीत आला. काखेत गिरणीची नियमावली होती. कुंडलिक सावकाश बोलणारा माणूस. कॅन्टीनची पिण्याच्या पाण्याची टाकी धुवावी म्हणून तो तीन वर्षं अर्ज देत होता. टाकीला झाकण नव्हतं आणि वर पारवे बसायचे.

"साहेब, नियम एक्केचाळीस," त्यानं पान उघडून समोर ठेवलं. "कामगाराला कॅन्टीनच्या अन्नातनं विषबाधा झाली तर कॅन्टीन त्याच दिवशी बंद, टाकी धुवायची आणि तितं जेवणाऱ्या सगळ्यांची तपासणी."

"कुंडलिक, तो कामगार नाही. इंजिन आहे."

"मग हजेरीपटात कसं?"

इंजिन कामगार नाही म्हणावं तर संचालक मंडळाला गेलेले दोन महिन्यांचे हजेरीपट खोटे ठरत होते. कामगार आहे म्हणावं तर नियम एक्केचाळीस लागू होत होता. मॅनेजरांनी दाराशी उभ्या असलेल्या जोतीरामकडे पाहिलं. जोतीराम छताकडे बघत होता.

"ते इंजिन कॅन्टीनमध्ये जेवत होतं असं तुझं म्हणणं आहे का?" मॅनेजरांनी शेवटचा प्रयत्न केला.

"मी कशाला म्हणू? डॉक्टर म्हणतायत. आणि मोहऱ्या तुमच्याच टेबलावर हायेत की."

कॅन्टीन त्याच दुपारी बंद झालं. टाकी धुतली तेव्हा तळातून दोन टोपल्या हिरवा गाळ, पारव्यांची पिसं आणि हरवलेला एक डाव निघाला. आणि दुसऱ्या दिवसापासून तपासणी सुरू झाली. प्रत्येकानं घरून काडेपेटीत शौचाचा नमुना आणायचा होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात तीनशे अकरा काडेपेट्यांची रांग लागली. जोतीरामनं प्रत्येकीवर तिकीट नंबर लिहिला. तीनशे बारावी काडेपेटी नव्हती म्हणून तो निंगप्पाला शोधत इंजिनघरात आला.

"अण्णा, तुमच्या पेशंटचा नमुना राहिलाय."

"त्याचा बाटलीत दिलाय की."

"रकाना काडेपेटीचा हाय."

निंगप्पानं गाळणीवरची साय काडेपेटीत भरून दिली. ती झिरपली आणि शेजारच्या दोन काडेपेट्याही नव्यानं मागवाव्या लागल्या.

डॉक्टर वेळापूरकर आता रोज यायला लागले, तेही सकाळपासून. सूक्ष्मदर्शक खिडकीतून हलला नाही. पाचव्या दिवशी त्यांनी निंगप्पाला बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर याद्या होत्या.

"एकशे चौऱ्याण्णव लोकांच्या पोटात आव आहे," ते म्हणाले. "तुमच्याही. जुनी. बघितल्याबरोबर दिसते." मग याद्या बाजूला सारून त्यांनी विचारलं, "सहा वर्षं मी या लोकांना काय देत होतो?"

"लाल औषध," निंगप्पा म्हणाला. प्रश्न विचारला म्हणून त्यानं उत्तर दिलं होतं. डॉक्टरांची मान खाली गेली तसं त्याला वाईट वाटलं. "गोड असायचं, साहेब," तो म्हणाला. "लोक आवडीनं प्यायचे."

डॉक्टरांनी त्याच दिवशी मॅनेजरांकडे खऱ्या गोळ्यांची मागणी पाठवली. इंजिनाच्या सतरा हजार गोळ्यांचा हिशेब केसपेपराच्या पाठीवर होताच, त्यापुढे माणसांच्या गोळ्या मॅनेजरांना थोड्याच वाटल्या. त्यांनी सही केली.

इकडे निंगप्पानं शेकाची तयारी केली होती. जोतीरामच्या भावाचं मोडनिंबला गुऱ्हाळ होतं. त्या वर्षी ऊस जळून गेल्यामुळे गूळ शिजवायची काहील पालथी पडून होती. ती ट्रकनं आली. गिरणीच्या मागच्या आवारात भलं मोठं चुलवण खोदलं, काहील चढवली आणि इंजिनाचं सगळं तेल तीत ओतलं. जाळ मोठा करायचा नव्हता. तळाच्या पाण्याला एकदम उकळी आली तर तेल उसळून अंगावर आलं असतं. निंगप्पा स्वतः चुलवणासमोर बसला आणि दोन दिवस त्यानं मंद जाळ राखला. पाणी तडतडत उडून गेलं, वर मळी आली ती लांब दांड्याच्या झाऱ्यानं काढली. गिरणीतली कामं बंद असल्यानं माणसं भोवती येऊन बसायची आणि गुऱ्हाळात बसल्यासारखी गप्पा मारायची. रस्त्यावरून जाणारा एक म्हातारा काहील बघून आत आला आणि गूळ कधी निघणार म्हणून विचारू लागला. त्याला खरं सांगितलं तर तो म्हणाला, "लपवू नका, थोडा चाखायपुरता द्या." तो दोन तास बसून राहिला आणि शेवटी आमच्या वाट्याला काही आलं नाही असं म्हणत गेला.

तिसऱ्या दिवशी नागव्वा भाकरी घेऊन आली. तिनं काहिलीवर वाकून वास घेतला.

"आता?" निंगप्पानं विचारलं.

"आता नुसतं तेल आहे," ती म्हणाली.

त्यानं नवं रबरी कडं बसवलं. थोडं कढत तेल वेगळं काढून इंजिनाचं पोट आतून कोपरा न् कोपरा पुसून घेतलं. तो चर मॅनेजरांनी स्वतः उभं राहून बुजवून घेतला आणि भिंतीवरची सूचना गुपचूप काढून खिशात घातली. निंगप्पानं ते पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

नवव्या दिवशी इंजिनाला कामावर रुजू व्हायचं होतं. आजारी रजेवरून येणाऱ्याला तंदुरुस्तीचा दाखला लागतो, म्हणून डॉक्टर आले. त्यांनी इंजिनाला एक फेरी मारली, नळी कानाला लावली आणि तिचं दुसरं टोक इंजिनाच्या पोलादी अंगावर टेकवलं. निंगप्पाला या तपासणीची कल्पना नव्हती. त्यानं नेमकी तेव्हाच इंजिन सुरू करायची हवेची टाकी उघडली. इंजिन एकदा खोल खाकरलं, मग दुसऱ्यांदा, आणि सगळी इमारत हादरवत चालू झालं. डॉक्टरांनी नळी कानातून ओढून काढली आणि पायरीवर जाऊन बसले. पाच मिनिटं त्यांना कोण काय बोलतंय ते ऐकू येत नव्हतं.

"कसं काय, साहेब?" निंगप्पानं त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं विचारलं.

"हृदय चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले.

दाखला लिहिताना मात्र त्यांनी हयगय केली नाही. मोठ्या आजारातून उठलेल्या कामगाराला ते जे लिहून द्यायचे तेच लिहिलं. कामावर रुजू होण्यास योग्य, परंतु पंधरा दिवस हलके काम द्यावे. जोतीरामनं तो दाखला नोंदवला आणि मॅनेजरांपुढे ठेवला. नियमावली पुन्हा कुंडलिकच्या हातात जायला नको म्हणून मॅनेजरांनी त्यावर सही करून टाकली.

त्यामुळे जूनचे पहिले पंधरा दिवस इंजिन अर्ध्याच जोरावर चाललं आणि निम्मी चाती बंद राहिली. त्या बंद खात्यातली माणसं गोळ्या घेऊन झाल्यावर नव्यानं धुतलेल्या टाकीखाली बसून असायची. निंगप्पा हात पुसत अधूनमधून बाहेर यायचा. कुणी विचारलं, कसं आहे पेशंटचं, तर सांगायचा, "बरं हाय. पण अजून ताकद भरायची हाय." आणि टाकीखालच्या माणसांकडे एकदा बघून, आत जाऊन इंजिनाचे फेरे आणखी थोडे कमी करायचा.